रेकॉर्डवरचं स्टॅटिक: आधी कोरडं फडकं बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिशवीतून रेकॉर्ड काढताना चटचट आवाज येतो आणि हातावरचे केस उभे राहतात. वाजवून झाल्यावर रेकॉर्ड उचलली की खालची फेल्टची मॅटही तिला चिकटून वर येते. मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसली तरी अर्ध्या तासात पुन्हा धूळ बसते, आणि गाणं चालू असताना मधेच ‘टक्’ असे आवाज येतात. कार्बन फायबरचा ब्रश घेतला आहे, पण त्याने धूळ नुसती इकडून तिकडे सरकते. मग भांड्यांचा साबण वापरावा, अल्कोहोल वापरावं, की आयन (विद्युतभारित कण) सोडणारं पिस्तूल घ्यावं? आणि संग्रहात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, काही जुन्या रेकॉर्ड्स आहेत, त्यांचं काय करावं?

जुन्या रेकॉर्ड्स धुऊन त्यांचा आवाज डिजिटल करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तऱ्हेने येतो आणि जवळजवळ दर वेळी त्यात ते फडकं असतं. स्टॅटिक म्हणजे रेकॉर्डवर साठलेली स्थिर वीज, तिचा चार्ज. तुमच्या रेकॉर्डवरचा बराचसा चार्ज तुम्ही स्वतःच, अगदी काळजीने, तिच्यावर चढवता आहात. कोरडं पुसणं थांबवलंत तर निम्मा त्रास तिथेच कमी होईल. उरलेला निम्मा पाण्याने जाईल.

पण काहीही विकत घेण्याआधी आवाज नेमका कशाचा आहे ते ओळखा, कारण घाण, ओरखडा आणि स्टॅटिक हे तीन वेगळे रोग आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. टक् आवाज बरोबर १.८ सेकंदांच्या अंतराने चार-सहा वेळा आला, तर तो आडवा ओरखडा आहे. कितीही धुतलं तरी तो जायचा नाही. आवाज अनियमित आहे पण दोनदा वाजवल्यावर दोन्ही वेळा त्याच ओळीवर, त्याच शब्दावर येतो, तर सुई फिरते त्या खाचेत काहीतरी अडकलंय. ते धुण्याने बहुतेक निघेल. आणि पहिल्या वेळी एका जागी, दुसऱ्या वेळी भलत्याच जागी आला, तर ते स्टॅटिक. हेडफोन लावा, पहिली तीन मिनिटं दोनदा ऐका आणि दोन्ही वेळा टक् कुठे कुठे आला ती वेळ कागदावर लिहा. मी आजही नवी आलेली प्रत्येक रेकॉर्ड अशीच तपासते. चौथा प्रकारही आहे: मोठ्या आवाजाच्या जागी गायकाचा स्वर फाटल्यासारखा येणं. ती खाचेची झीज असते किंवा सुईची, आणि तिथे या उत्तरातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

आता चार्ज येतो कुठून ते. १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड आणली ती व्हायनिलची, म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइड आणि व्हायनिल अॅसिटेट यांच्या मिश्र प्लॅस्टिकची. त्याआधीच्या लाखेच्या रेकॉर्डपेक्षा ती हलकी, सहज न फुटणारी आणि कितीतरी कमी खरखरणारी. पण एक खोड तिच्याबरोबर आली. दोन वस्तू एकमेकींवर घासून वेगळ्या केल्या की एकीकडून दुसरीकडे इलेक्ट्रॉन जातात, आणि इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात पॉलिव्हायनिल क्लोराइड फार पुढे आहे. कागद, लोकर, केस, कातडी, सुती कापड, यांतलं काहीही घासा, रेकॉर्डवर ऋण प्रभारच जमतो. त्यातून व्हायनिल पक्कं विद्युतरोधक. धातूवर आलेला प्रभार एका ठिकाणी तार लावली की सगळा वाहून जातो. व्हायनिलवर तो जिथे बसला तिथेच बसून राहतो. म्हणून रेकॉर्डच्या कडेला अर्थिंगची तार टेकवून फक्त त्या टेकलेल्या टिंबापुरता चार्ज जातो. बाकी रेकॉर्ड होती तशीच राहते.

यातली एक गोष्ट समजायला मला स्वतःला बराच काळ लागला, आणि ती कळल्यावर पुष्कळ कोडी सुटली. रेकॉर्ड धातूच्या प्लॅटरवर (टर्नटेबलच्या फिरत्या तबकडीवर) ठेवली की तिचं स्टॅटिक नाहीसं झाल्यासारखं वाटतं. धूळ ओढत नाही, केस उभे राहत नाहीत. प्रत्यक्षात चार्ज तेवढाच असतो. जवळच्या धातूमुळे त्याचा व्होल्टेज दबलेला असतो. रेकॉर्ड उचलली, अंतर वाढलं, की तोच चार्ज हजारो व्होल्टचा होऊन समोर येतो आणि बोटाला चटका बसतो. म्हणजे प्लॅटरवर ब्रश फिरवून ‘गेलं स्टॅटिक’ असं आपण समजतो तेव्हा ते गेलेलं नसतं, झाकलेलं असतं. खरी परीक्षा रेकॉर्ड हवेत धरून करायची: मनगटाचा मागचा भाग तिच्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर आणा. केस ओढले गेले तर चार्ज आहे. आणि रेकॉर्डला बाजू दोन असतात. वरची निर्मळ केली तरी खालच्या बाजूचा चार्ज मॅटला धरून ठेवतो.

आणखी एक सवय पाहा. हवा कोरडी असली की तुमचं शरीरसुद्धा चार्ज होतं: कृत्रिम धाग्याचा गालिचा, लोकरीचा स्वेटर, रबरी तळव्यांच्या चपला. रेकॉर्डला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला, अॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला म्हणा, बोट लावायचं. अर्ध्या सेकंदाचं काम आहे.

हवेतल्या ओलाव्याची गोष्ट याहून मोठी. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की स्टॅटिक अंगावर येतं; ५० च्या आसपास ते आपोआप बरंच शांत होतं, कारण वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि त्यातून चार्ज हळूहळू निसटतो. एअर कंडिशनर आणि हीटर दोन्ही खोली कोरडी करतात. साधा आर्द्रतामापक शेल्फजवळ ठेवा आणि ४५ ते ५५ यांच्या दरम्यान राहायचा प्रयत्न करा. त्याहून फार वर नको. ६५ च्या पुढे बराच काळ राहिलं तर पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी धरते, आणि बुरशी स्टॅटिकपेक्षा कितीतरी वाईट.

मग पिशवी. साध्या कागदाच्या आतल्या पिशवीतून रेकॉर्ड बाहेर खेचणं म्हणजे अख्ख्या पृष्ठभागावर कागद घासणं, शिवाय कागदाचे बारीक तंतू खाचेत सोडणं. मी कोणत्याही रेकॉर्डवर पहिला खर्च करते तो पॉलिथिलीनच्या, अँटिस्टॅटिक म्हणून मिळणाऱ्या मऊ आतल्या पिशवीवर. गाण्याचे शब्द छापलेली मूळ पिशवी टाकायची नाही, ती कव्हरमध्ये शेजारी ठेवायची. रेकॉर्ड खेचून काढण्याऐवजी पिशवीचं तोंड थोडं फुगवून ती कडेवर आणि लेबलवर तोलत बाहेर येऊ द्या. बाहेरच्या संरक्षक कव्हरसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन घ्या. मऊ, जाड, काचेसारखं चकाकणारं पीव्हीसीचं कव्हर दिसायला सुरेख असतं, पण त्यातलं मऊपणा आणणारं रसायन वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि रेकॉर्डवर धुक्यासारखा डाग पाडतं. तो डाग बहुतेक वेळा निघत नाही. फार चांगल्या रेकॉर्ड्स मी अशा गेलेल्या पाहिल्या आहेत. आज या उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ती कव्हरं काढून टाका.

फेल्टची मॅट बदला, यावर मी फार बोलणार नाही. ती डीजेंना रेकॉर्ड सरकवायला सोयीची आहे. घरी ऐकणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. रबर, कॉर्क, चामडं, यांतलं काहीही चालेल. टर्नटेबलचं अॅक्रिलिक झाकणही कोरड्या फडक्याने पुसू नका. ते चार्ज होतं आणि गाणं चालू असताना रेकॉर्डच्या वर सात-आठ सेंटीमीटरवर धूळ गोळा करत बसतं. किंचित ओलसर फडकं फिरवा, पुरे.

आता तुमचा कार्बन ब्रश. त्याला दोष देऊ नका, त्याच्याकडून चुकीचं काम करून घेतलं जातंय. कार्बनचा एकेक धागा साधारण ७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो आणि तो वीज वाहून नेतो. चार्ज झालेल्या पृष्ठभागाजवळ इतकं बारीक टोक आलं की टोकापाशी विद्युतक्षेत्र एकवटतं, हवेचं आयनीभवन होतं आणि चार्ज धाग्यातून तुमच्या हाताकडे जातो. पण त्यासाठी धाग्यापासून बोटांपर्यंत वाट अखंड हवी. स्वस्त ब्रशमध्ये धातूची दिसणारी पट्टी रंगवलेली असते किंवा मधे प्लॅस्टिक असतं. मल्टिमीटर असेल तर एक टोक केसांना, दुसरं जिथे बोट धरता तिथे लावून पाहा. रोध अनंत आला तर तो ब्रश फक्त झाडू आहे. वाट नीट असेल तर एका हाताने ब्रश, दुसऱ्या हाताचं बोट अर्थिंग असलेल्या धातूवर, आणि फिरत्या रेकॉर्डवर ब्रश नुसता टेकवायचा. दाबायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर अगदी हळू कडेकडे नेत उचलायचा. दाबून दहा-बारा फेरे केले तर घर्षणाने चार्ज कमी होण्याऐवजी वाढतो. आणि वरवरची धूळ काढण्यापलीकडे या ब्रशकडून काही मागू नका. बोटांचा तेलकटपणा, धुराचा थर, सुकलेली घाण त्याला हलत नाही.

पिस्तुलाबद्दल. झीरोस्टॅट या नावाने ओळखलं जाणारं हे साधन खरंच काम करतं, त्यात जादू नाही. आत पायझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबल्यावर वीज तयार करणारा, स्फटिक असतो. ट्रिगर दाबताना टोकातून धन आयन निघतात, सोडताना ऋण. बॅटरी लागत नाही. बहुतेक जण ते खेळण्यातल्या बंदुकीसारखं फटाफट दाबतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. ट्रिगर इतका हळू दाबायचा की ‘क्लिक’ येता कामा नये. दाबायला दोन-तीन सेकंद आणि सोडायलाही तेवढेच. रेकॉर्डवर चार्ज ऋण आहे, म्हणजे आपल्याला हवेत धन आयन. म्हणून दाबताना टोक रेकॉर्डकडे, साधारण २५-३० सेंटीमीटरवर, आणि शेवटच्या वेळी सोडताना टोक दुसरीकडे वळवायचं. हे सगळं रेकॉर्ड हातात, हवेत धरून, दोन्ही बाजूंनी. प्लॅटरवर नको, कारण वर सांगितलं तसा तिथे चार्ज दबलेला असतो. अॅम्प्लिफायर चालू असताना कार्ट्रिजजवळ (सुई बसवलेल्या भागाजवळ) ते चालवू नका. तरीही माझं मत असं की पिस्तूल हे तिसरं किंवा चौथं साधन आहे. न धुतलेल्या, कागदी पिशवीतल्या रेकॉर्डवर ते वापरलं तर पुढच्या वेळी पिशवीतून काढताना चार्ज परत येतो.

म्हणून धुणं. यावर जरा थांबते, कारण खरी सुधारणा इथेच ऐकू येते.

खाच वरच्या बाजूला साधारण ५० मायक्रॉन रुंद असते, एखाद्या बारीक केसाएवढी. एलपीची २२ मिनिटांची बाजू धरली तर ७३० च्या वर फेरे होतात, आणि सगळी खाच सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. सुईचा भार दीड-दोन ग्रॅमच असतो, पण तो टेकतो काही चौरस मायक्रॉनवर, त्यामुळे तिथला दाब दर चौरस सेंटीमीटरला टनांच्या हिशेबात जातो. अशा दाबाखाली हिऱ्याच्या टोकाने धुळीचा कण व्हायनिलमध्ये रुतवला की तो कायमचा रुतला. म्हणून धुणं वाजवण्याच्या आधी. जुनी विकत घेतलेली रेकॉर्ड ‘आधी ऐकून तर बघू’ म्हणून लावण्याचा मोह मला आजही होतो, आणि तो मी आवरते.

नुसतं पाणी का चालत नाही? व्हायनिल पाण्याला जवळ येऊ देत नाही. थेंब टाका, तो मण्यासारखा उभा राहतो. खाचेत उतरतच नाही. पृष्ठताण कमी करणारा पदार्थ त्यात हवा, आणि तो अनायनिक (नॉन-आयॉनिक, पाण्यात आयन न होणारा) हवा, रंग-सुगंध नसलेला. टर्जिटॉल या नावाने मिळणारा पदार्थ संग्रहालयांच्या कामातही वापरतात. फोटो धुताना शेवटी वापरायचं वेटिंग एजंटही चालतं. मी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण अर्धा मिलिलीटर घालते, म्हणजे आठ-दहा थेंब. यापेक्षा जास्त घालण्याचा मोह टाळा. फेस आला म्हणजे जास्त झालं.

भांड्यांच्या साबणात रंग, वास, मीठ आणि हात मऊ राहावेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. तो घाण काढतो हे खरं, पण स्वतः मागे राहतो, आणि खाचेत वाळलेला साबण सुईवर पांढरट गोळा होऊन येतो. दुसरं काहीच मिळत नसेल तर एखादा थेंब, आणि मग भरपूर खळबळणं. कपडे मऊ करणारं द्रव तर अजिबात नको. ते स्टॅटिक घालवतं, पण मेणासारखा थर ठेवून.

अल्कोहोलबद्दल माणसं फार तावातावाने बोलतात. माझा अनुभव: व्हायनिलवर १० टक्क्यांपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडा वेळ, आणि नंतर खळबळून टाकलेलं, याने मला कधी नुकसान दिसलेलं नाही. बोटांचे डाग आणि धुराचा थर ते चांगला काढतं. पण दर वेळी लागत नाही, आणि शुद्ध अल्कोहोल सरळ रेकॉर्डवर ओतणं मला पटत नाही. वापरताना खिडकी उघडी, ज्योत दूर. कुठे अजिबात वापरायचं नाही ते खाली ७८ च्या रेकॉर्ड्सपाशी सांगते.

कृती अशी. आधी ब्रशने सुटी धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होईल. टर्नटेबलवर धुऊ नका. बेअरिंगमध्ये पाणी जातं आणि सुईच्या दांडीला धक्का लागला की संपलं. टेबलावर स्वच्छ रबरी मॅट अंथरा, त्यावर रेकॉर्ड. लेबल झाकायला रबरी कडेची गोल झाकणं मिळतात, नसतील तर हात जपून चालवा. जुन्या लेबलांची शाई पाण्याने पसरते. द्रावण कोमट चालेल, गरम नाही. ३५ अंश सेल्सियसच्या पुढे मी जात नाही, रेकॉर्ड वाकण्याची जोखीम कशाला. द्रावण पसरा आणि दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. ही वाट पाहणं बहुतेक जण गाळतात आणि मग जोरात घासतात. वाळलेली घाण भिजायला वेळ लागतो; भिजली की ती हलक्या हाताने येते. मग बारीक मऊ नायलॉनच्या किंवा शेळीच्या केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, तीन-चार फेरे एका बाजूने आणि तेवढेच उलट. आडवं, केंद्राकडून कडेकडे कधीच नाही.

आणि मग खळबळणं. एवढं सगळं करून लोक इथे घाई करतात. ब्रशने सुटलेली घाण आता द्रावणात तरंगते आहे. ते तसंच वाळू दिलं तर ती पुन्हा खाचेतच बसणार, या वेळी एकसारखी पसरून. शुद्ध डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, वेगळ्या स्वच्छ ब्रशने. फार मळलेली रेकॉर्ड असेल तर पहिलं धुणं नळाच्या पाण्याने केलं तरी चालेल, पण शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. नीट खळबळलं की नाही याची परीक्षा सोपी आहे: धुतलेली बाजू एकदा वाजवा आणि सुईचं टोक भिंगाखाली पाहा. टोकावर पांढरा लोंबता कापूस दिसला तर खळबळणं कमी पडलं. पुन्हा धुवा.

वाळवताना घासायचं नाही. इथेच सगळी मेहनत वाया जाते: रेकॉर्ड धुतली, तिच्यावरचा सगळा चार्ज पाण्याने गेला, आणि मग शेवटी कोरड्या कापडाने रगडून तो परत दिला. धुवून स्वच्छ केलेलं मायक्रोफायबर किंचित ओलं करून नुसतं टिपून घ्या आणि रेकॉर्ड उभी ठेवा, ताटं ठेवायच्या लाकडी घडवंचीत चालेल, पंख्याच्या थेट झोतात नको. तासाभरात वाळते. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालायची नाही, आणि घालायची ती नव्या पिशवीत. धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदात परत घातली तर ते काम झालंच नाही असं समजा.

रेकॉर्ड्स शंभराच्या वर असतील तर रेकॉर्डवरचं पाणी ओढून घेणारं यंत्र घेण्याचा विचार करा. ते द्रावण घाणीसकट शोषून घेतं, आणि टिपण्याने जे कधीच जमत नाही ते करतं. फक्त कोरडी झाली की लगेच थांबवायचं, एक किंवा दोन फेरे. कोरड्या रेकॉर्डवर यंत्राची मखमली कड फिरत राहिली की पुन्हा स्टॅटिक. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर मात्र या कामाला लावू नका. तो पाण्यासाठी बनलेला नसतो आणि पाणी मोटरपर्यंत गेलं तर विजेचा धोका आहे. अल्ट्रासॉनिक यंत्रंही आता पुष्कळ मिळतात, बहुतेक ४० किलोहर्ट्झची. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचेच्या तळातली घाण सोडवतात. बारीक घाणीला उत्तम, पण पाणी तापत जातं तिकडे लक्ष ठेवा, आणि त्यात जास्त अल्कोहोल घालू नका, वाफ पेट घेऊ शकते. लाकूडकामाचा पांढरा गोंद ओतून, वाळल्यावर त्याची साल सोलण्याची युक्ती तुम्ही ऐकली असेल. साल ओढताना इतका चार्ज तयार होतो की चटके ऐकू येतात, आणि एखादा तुकडा खाचेत राहिला तर काढताना जीव जातो. मी ती करत नाही. ओली रेकॉर्ड तशीच वाजवणंही नाही; एकदा ओली वाजवलेली रेकॉर्ड पुढे कोरडी लावली की जास्तच खरखरते, असं मला वारंवार आढळलं आहे.

अँटिस्टॅटिक फवारे काम करतात, कारण ते ओलावा धरून ठेवणारा पातळ थर रेकॉर्डवर ठेवतात. म्हणजे जे आपण इतक्या कष्टाने खळबळून काढलं, तसंच काहीतरी मुद्दाम परत लावणं. काहींना हा सौदा मान्य असतो. मला नाही, आणि नीट धुऊन नव्या पिशवीत ठेवलेल्या रेकॉर्डला त्याची गरजही क्वचित पडते.

सुई विसरू नका. स्वच्छ रेकॉर्डवर घाण सुई फिरवली की सगळं परत. मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळतो, त्याचा छोटा तुकडा कापा, टर्नटेबलवर स्थिर ठेवा आणि लिफ्टच्या दांडीने सुई त्यावर हलकेच दोन-तीनदा टेकवा. सरकवायची नाही, नुसती टेकवून उचलायची. ब्रश वापरत असाल तर मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून (सुईच्या दांडीकडून) तुमच्याकडे; उलट किंवा आडवा फिरवला की हिरा धरणारी बारीक नळी वाकते. अल्कोहोल इथेही जपून, हिरा चिकटवलेला असतो.

आता ७८ च्या रेकॉर्ड्स. यांतल्या बहुतेक लाखेच्या आहेत: दगडाची भुकटी आणि लाख, जड, ठिसूळ, टिचकी मारली तर खणकणाऱ्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मी शिकत होते तेव्हा व्हायनिलसाठी केलेलं द्रावण चुकून एका लाखेच्या रेकॉर्डवर लावलं होतं. मिनिटभरात तिची चमक गेली, फडक्यावर तपकिरी रंग आला, आणि त्या रेकॉर्डवरच्या गायिकेचा आवाज त्या दिवसापासून जाळीमागून आल्यासारखा येतो. तेव्हापासून दोन बाटल्या, दोन रंगांच्या झाकणांच्या, आणि त्या कधी एका टेबलावर ठेवत नाही. लाखेला फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि तेच काही थेंब, झटपट धुणं, भिजत ठेवणं नाही, लगेच टिपून घेणं. तडा गेलेल्या रेकॉर्डच्या तड्यात पाणी जाऊ देऊ नका. काहींच्या पोटात पुठ्ठ्याचा किंवा कागदाचा थर असतो, तो फुगतो. स्टॅटिकचा त्रास लाखेला फारसा नसतो, तिची खरखर तिच्या अंगच्या भुकटीची आहे.

पण त्या गठ्ठ्यात एखादी वेगळी रेकॉर्ड निघू शकते: कडेला किंवा मधल्या भोकात अॅल्युमिनियम दिसतं, भोकाशेजारी आणखी एखादं भोक असतं, लेबल हाताने किंवा टाइपरायटरवर लिहिलेलं असतं. ती लॅकरची, थेट कापलेली रेकॉर्ड. धातूच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर, आणि बहुधा त्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नाही. तिच्यावर पांढरी, पिठासारखी साय दिसली तर तो मळ नाही. थरातल्या एरंडेलाचं विघटन होऊन बाहेर आलेलं आम्ल आहे, आणि थर आकसून तडकायच्या मार्गावर आहे. तिला अल्कोहोल नको, घरचं धुणं नको, सुईसुद्धा नको. कडेने धरा, उभी ठेवा, आणि ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या.

बाकीच्यांपैकी सुरुवातीला अशी एक व्हायनिल निवडा जिची दुसरी प्रत सहज मिळते. धुण्याआधी तिच्या टक् आवाजांची यादी करा, धुऊन वाळवून नव्या पिशवीत दोन दिवस ठेवा, मग पुन्हा तीच तीन मिनिटं ऐका आणि यादीतलं काय उरलं ते पाहा. उरलेले आवाज १.८ सेकंदांनी येत असतील तर त्या जागा सोडून द्या. अनियमित पण त्याच जागी असतील तर आणखी एकदा, या वेळी द्रावण पाच मिनिटं राहू देऊन धुवा.